काल बिल्ड होत होतं, आज होत नाही: मायक्रोकंट्रोलरसाठी सी आणि रस्ट जोडताना वारंवार येणारा घोळ

कॉर्टेक्स-एम (मायक्रोकंट्रोलरसाठी आर्मचा प्रोसेसर गाभा) चिपसाठी रस्टमध्ये फर्मवेअर लिहायचं आहे, पण चिप बनवणाऱ्या कंपनीची सी लायब्ररी किंवा सीमध्ये लिहिलेला एखादा प्रोटोकॉल स्टॅक टाकून देता येत नाही. तो रस्टमधून बोलवायचा आहे. मग बाइंडजेन वापरून हेडरवरून बाइंडिंग (सीच्या फंक्शन आणि स्ट्रक्टच्या रस्टमधल्या घोषणा) काढायची, सीसी क्रेटने (रस्टच्या लायब्ररीला क्रेट म्हणतात) सीच्या फाइली कंपाइल करायच्या आणि कार्गोने, म्हणजे रस्टच्या बिल्ड टूलने, सगळं एकत्र लिंक करायचं. बरीच खटपट केली की हे एकदाचं चालतं. पुढे कोणीतरी दुसऱ्या मशीनवर प्रोजेक्ट उघडतं, कंपायलर अपडेट होतो, सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) बिल्ड लावलं जातं किंवा चिप बदलते, आणि सगळं पुन्हा मोडतं. कधी 'स्ट्रिंग.एच सापडत नाही' असा एरर येतो, कधी लिंकर व्हीएफपी (फ्लोटच्या गणिताच्या) रजिस्टरबद्दल तक्रार करतो. कधी तर एकही एरर येत नाही, फर्मवेअर बोर्डवर चढतं आणि पहिल्याच फंक्शन कॉलला हार्डफॉल्ट (प्रोसेसरचा गंभीर एरर) होतो.

दर वेळी एरर नवा दिसतो, त्यामुळे दर वेळी नवा उपाय शोधला जातो. एक फ्लॅग इथे चिकटवला, एक पाथ तिथे टाकला, बिल्ड झालं, विषय संपला. सहा महिन्यांनी त्या फ्लॅगचं कारण कोणालाच आठवत नाही आणि तो काढायची हिंमतही होत नाही. माझं स्पष्ट मत असं आहे की हे सगळे एरर एकाच दुखण्याचे आहेत. या बिल्डमध्ये चार वेगळे प्रोग्रॅम काम करतात. सीचा कोड आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी कंपाइल करतो. हेडर क्लँग हा दुसरा सी कंपायलर वाचतो, कारण बाइंडजेनच्या आत लिबक्लँग आहे. रस्टचा कोड रस्टसी बनवतो. शेवटची जोडणी लिंकर करतो, आणि थम्ब (कॉर्टेक्स-एमच्या सूचनांचा प्रकार) टार्गेटसाठी रस्टचा मूळचा लिंकर रस्ट-एलएलडी आहे, जीसीसीचा नाही. चिप कोणती, फ्लोट कसे पाठवायचे, एनम किती बाइटचा, हेडर कुठे आहेत, यांची उत्तरं हे चौघं आपापल्या परीने ठरवतात. चौघांची उत्तरं जुळली तर बिल्ड चालतं. ती योगायोगाने जुळलेली असतील तर एखादा अपडेटही पुरतो ती मोडायला.

म्हणून काहीही बदलण्याआधी एरर नक्की कोणाचा आहे ते बघा. 'कार्गो बिल्ड -व्हीव्ही' असं चालवलं की बिल्ड स्क्रिप्टचं पूर्ण आउटपुट दिसतं: सीसी क्रेटने जीसीसीला कोणते फ्लॅग दिले, कोणती फाइल कंपाइल होताना अडली, सगळं. बिल्ड झालं आहे आणि फक्त बोर्डवर चढत नाही, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. लिनक्सवर 'लिबयूएसबी एरर ॲक्सेस' दिसला तर प्रोबसाठी (बोर्डला जोडलेल्या डीबगरसाठी) यूडेव्हचे, म्हणजे उपकरणांच्या परवानगीचे, नियम टाका, प्रोब काढून पुन्हा लावा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

'कोअर' क्रेट सापडत नाही

हा सगळ्यात सोपा. ई०४६३ असा क्रमांक असलेला एरर येतो आणि 'कोअर' किंवा 'एसटीडी' सापडत नाही म्हणतो. 'कोअर' सापडत नसेल तर त्या मशीनवर ते टार्गेट इन्स्टॉल केलेलं नाही. 'एसटीडी' सापडत नसेल तर तुमच्या किंवा एखाद्या डिपेंडन्सीच्या कोडमध्ये 'नो_एसटीडी' लिहायचं राहून गेलं आहे. बऱ्याचदा डिपेंडन्सीचे डिफॉल्ट फीचर बंद केले की काम होतं.

टार्गेट 'रस्टअप टार्गेट ॲड' करून हाताने टाकू नका. प्रोजेक्टच्या मुळाशी 'रस्ट-टूलचेन.टोमल' ठेवा, त्यात टूलचेनची आवृत्ती आणि टार्गेट दोन्ही लिहा. मग जो कोणी ते फोल्डर उघडून कार्गो चालवेल त्याला रस्टअप तेच आणून देईल.

टार्गेट निवडताना चिपचं डेटाशीट उघडून गाभा कोणता आणि त्यात एफपीयू (फ्लोटचं गणित करणारा भाग) आहे का हे बघायचं. कॉर्टेक्स-एम० आणि एम०+ साठी थम्बव्ही६एम-नन-ईएबीआय, एम३ साठी थम्बव्ही७एम-नन-ईएबीआय. एम४ आणि एम७ साठी थम्बव्ही७ईएम, आणि त्याचे दोन प्रकार: शेवटी नुसतं ईएबीआय किंवा ईएबीआयएचएफ. एम३३ साठी थम्बव्ही८एम.मेन, त्यालाही हेच दोन प्रकार. या शेवटच्या 'एचएफ' अक्षरांमुळे किती रात्री वाया जातात ते पुढे येतंच.

हेडर सापडत नाही: कोणतं हेडर, आणि कोणाला?

इथे बहुतेक जण घाईने '-आय' देऊन एखादा पाथ जोडतात. तसं करू नका. न सापडलेल्या हेडरचं नाव आणि तक्रार करणारा प्रोग्रॅम, या दोन गोष्टी वाचल्या की निदान जवळजवळ पूर्ण होतं.

तक्रार जीसीसीची आहे आणि 'एसटीडीइंट.एच' सापडत नाही, तर मशीनवर न्यूलिब (मायक्रोकंट्रोलरसाठीची सीची स्टँडर्ड लायब्ररी) नाही. डेबियन आणि उबुंटूवर कंपायलरचं पॅकेज वेगळं आणि 'लिबन्यूलिब-आर्म-नन-ईएबीआय' वेगळं. दुसरं हे पहिल्याच्या शिफारस केलेल्या यादीत येतं, सक्तीच्या यादीत नाही. आपल्या मशीनवर ते आपोआप येतं. कंटेनरमध्ये मात्र इमेज लहान राहावी म्हणून '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावायची पद्धत आहे, आणि तिथे ते गळतं. 'माझ्या मशीनवर होतं, सीआयवर होत नाही' या तक्रारीचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. मॅकवर होमब्रूचा 'आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी' हा फॉर्म्युला घेतला तर त्यातही न्यूलिब नसतं. 'जीसीसी-आर्म-एम्बेडेड' हे कास्क घ्या, त्यात आर्मने बांधलेली पूर्ण टूलचेन येते. 'नोसिस.स्पेक्स वाचता येत नाही' असा एरर आला तरी कारण हेच.

तक्रार बाइंडजेनची, म्हणजे क्लँगची आहे आणि 'एसटीडीडेफ.एच' किंवा 'एसटीडीबूल.एच' सापडत नाही, तर गोष्ट पूर्ण वेगळी. ही हेडर क्लँग स्वतःसोबत घेऊन येतो. ती नाहीत याचा अर्थ मशीनवर लिबक्लँगची नुसती शेअर्ड लायब्ररी आली आहे, तिच्या सोबतचं रिसोर्स फोल्डर आलेलं नाही. किंवा 'लिबक्लँग_पाथ' हा व्हेरिएबल अशा जागी बोट दाखवतो आहे जिथे फक्त ती एकच फाइल आहे. पूर्ण क्लँग इन्स्टॉल करा. न्यूलिबचे पाथ कितीही जोडले तरी यावर उपयोग नाही.

क्लँगला 'स्ट्रिंग.एच', 'एसटीडीलिब.एच' किंवा 'मॅथ.एच' सापडत नाही? मग त्याला न्यूलिब कुठे आहे हे माहीत नाही. ते स्वाभाविक आहे, कारण न्यूलिब जीसीसीच्या टूलचेनमध्ये राहतं आणि क्लँगचा त्या टूलचेनशी काही संबंध नाही. जीसीसीलाच विचारा: 'आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी -प्रिंट-सिसरूट'. जो पाथ येईल (सिसरूट म्हणजे टूलचेनची हेडर आणि लायब्ररी जिथे असतात ते मूळ फोल्डर) तो बिल्ड स्क्रिप्टमधून बाइंडजेनला '--सिसरूट' म्हणून द्या. जो जीसीसी सिसरूटशिवाय बांधलेला असतो तो इथे रिकामी ओळ देतो. तशा वेळी रिकाम्या फाइलवर '-ई' आणि '-व्ही' देऊन जीसीसी चालवा. तो आपण हेडर कुठेकुठे शोधतो त्याची यादी छापतो. त्यातली न्यूलिबची ओळ उचलून '-आयसिस्टीम' ने द्या. हे काम बिल्ड स्क्रिप्टने दर वेळी करावं. पाथ हाताने लिहून ठेवला तर त्यात आवृत्तीचा आकडा असतो, आणि पुढच्या अपडेटला तोच पाथ तुमचा नवा एरर असतो.

चौथा प्रकार: 'जीएनयू/स्टब्ज-३२.एच सापडत नाही'. हा एरर वाचून लोक ३२-बिट लिनक्सची हेडर इन्स्टॉल करतात. कृपया करू नका. ते हेडर ग्लिबसीचं आहे, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचं, मायक्रोकंट्रोलरचं नव्हे. कोणीतरी '/यूएसआर/इन्क्लूड' हा पाथ दिला आहे, किंवा 'सीपाथ'सारखा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शेलमध्ये उरला आहे, आणि क्लँग कॉम्प्युटरची हेडर चिपची समजून वाचतो आहे. ते ३२-बिट पॅकेज टाकलं की एरर जाईल आणि चुकीची हेडर वापरून बाइंडिंग तयार होतील. आलेला एरर इथे तुमच्या बाजूने आहे. पाथ काढून टाका.

बाइंडजेन टर्मिनलवरून हाताने चालवत असाल तर शेवटी दोन डॅश देऊन '--टार्गेट' द्यायला विसरू नका. बिल्ड स्क्रिप्टमधून चालवलं तर बाइंडजेन कार्गोने दिलेल्या 'टार्गेट' व्हेरिएबलवरून ते ओळखतं. हाताने चालवलं तर तुमचा कॉम्प्युटरच टार्गेट धरतं. मग पॉइंटर ८ बाइटचे होतात, आणि चिपसाठी कंपाइल करताना स्ट्रक्टच्या आकाराच्या तपासण्या एकामागून एक फसतात. शंभर एरर आले तरी कारण एकच असतं. आणखी एक फरक: आर्मवर सीचा 'चार' हा अनसाइन्ड असतो, एक्स८६ वर साइन्ड. बाइंडिंगमध्ये 'सी_चार' च्या जागी 'आय८' लिहिलेला दिसला तर ती बाइंडिंग कॉम्प्युटरसाठी काढलेली असल्याची शंका घ्या.

व्हीएफपी रजिस्टरची तक्रार

जीएनयू लिंकर म्हणतो की अमुक फाइल 'यूजेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स', तमुक करत नाही. रस्ट-एलएलडी तेच 'इनकम्पॅटिबल टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्स' अशा शब्दांत सांगतो. अर्थ एकच: एका बाजूचा कोड फ्लोट आर्ग्युमेंट एफपीयूच्या रजिस्टरमधून पाठवतो, दुसऱ्या बाजूचा कोड ते साध्या रजिस्टरमध्ये शोधतो. लिंकर थांबला हे फार चांगलं झालं, नाहीतर फंक्शनच्या हातात कचरा पडला असता.

'-एमफ्लोट-एबीआय' या फ्लॅगला तीन किमती आहेत आणि त्यातली मधली लोकांना गोंधळात टाकते. 'सॉफ्ट' म्हणजे एफपीयू वापरायचाच नाही. 'हार्ड' म्हणजे एफपीयू वापरायचा आणि आर्ग्युमेंटही त्याच्याच रजिस्टरमधून. 'सॉफ्टएफपी' म्हणजे गणितासाठी एफपीयू वापरायचा, पण आर्ग्युमेंट साध्या रजिस्टरमधून. त्यामुळे सॉफ्टएफपीची लायब्ररी रस्टच्या ईएबीआय टार्गेटशी जुळते, ईएबीआयएचएफशी नाही. चिपवर एफपीयू आहे म्हणून ईएबीआयएचएफच घ्यायला हवं असंही नाही.

कोण काय बोलतं आहे हे अंदाजाने ठरवू नका. 'आर्म-नन-ईएबीआय-रीडएल्फ -ए' (मोठ्या लिपीतला ए) ही कमांड या सगळ्या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं हत्यार आहे. ऑब्जेक्ट फाइल, स्टॅटिक लायब्ररी किंवा तयार एल्फ (लिंक होऊन आलेली शेवटची फाइल), काहीही द्या. ती प्रत्येक तुकड्याचे गुणधर्म छापते. 'टॅग_सीपीयू_आर्च' समोर व्ही७ई-एम आहे का, 'टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्स' समोर व्हीएफपी रजिस्टर्स लिहिलं आहे का (सॉफ्टमध्ये ही ओळच नसते), 'टॅग_एबीआय_एनम_साइझ' समोर स्मॉल आहे की इंट. बिल्ड चालू असताना एकदा हे आउटपुट जतन करून ठेवा. मोडल्यावर नव्या आउटपुटशी ताडून बघा. फरक कुठे पडला ते लगेच दिसतं.

सीसी क्रेट टार्गेटच्या नावावरून बरेचसे फ्लॅग आपणहून लावतं, त्यामुळे सोर्समधून कंपाइल होणाऱ्या कोडमध्ये हा एरर सहसा येत नाही. तो येतो तेव्हा तीन जागा बघा: 'सीफ्लॅग्ज' हा व्हेरिएबल शेलमध्ये किंवा सीआयमध्ये जुना राहिला आहे, सीचा भाग सीमेक किंवा मेकने वेगळा बांधून त्याची स्टॅटिक लायब्ररी आणली आहे, किंवा कंपनीची तयार लायब्ररी चुकीच्या फोल्डरमधून उचलली आहे. अशा लायब्ररीचे सॉफ्ट आणि हार्ड असे वेगळे फोल्डर असतात आणि फाइलचं नाव दोन्हीकडे तेच असतं.

एरर नाही, पण बोर्डवर सगळं वेडंवाकडं

वरचे सगळे प्रकार मला परवडतात, कारण तिथे मशीन बोलतं. खरा त्रास इथून पुढे आहे.

समजा सीच्या बाजूला एक स्ट्रक्ट ७२ बाइटचा आहे आणि रस्टच्या बाजूला ६८ बाइटचा. कंपायलर, लिंकर, कोणीच काही बोलत नाही. रस्ट ६८ बाइट राखून ठेवतो, सीचं इनिशियलाइझ करणारं फंक्शन ७२ बाइटवर लिहितं, आणि शेजारच्या व्हेरिएबलचे ४ बाइट पुसले जातात. तो व्हेरिएबल पुढे कधीतरी वापरला जातो. तिथे दिसणाऱ्या फॉल्टचा मूळ कारणाशी काही संबंध दिसत नाही. ऑप्टिमायझेशन बदललं की फॉल्ट दुसरीकडे जातो किंवा नाहीसा होतो, आणि माणूस कंपायलरवर संशय घेऊ लागतो.

असं होतं कारण जीसीसीला दिलेले '-डी' (मॅक्रो ठरवणारे फ्लॅग) आणि क्लँगला दिलेले '-डी' सारखे नसतात. एसटी कंपनीच्या हॅलमध्ये (चिपचे भाग चालवायची तिची सी लायब्ररी) याचं चांगलं उदाहरण आहे. 'यूज_हॅल_यूएआरटी_रजिस्टर_कॉलबॅक्स' ची किंमत १ असेल तर यूएआरटीच्या हँडल स्ट्रक्टमध्ये कॉलबॅक पॉइंटरची आख्खी रांग जास्तीची येते. हे मॅक्रो कॉन्फिग हेडरमध्ये असेल तर दोघांना दिसतं. ते सीसी क्रेटला 'डिफाइन' म्हणून दिलं आणि बाइंडजेनला द्यायचं राहिलं, की स्ट्रक्ट दोन झाले. त्याच कॉन्फिग हेडरच्या दोन प्रती असल्या, एक टेम्प्लेटची आणि एक तुमची, आणि दोन्हीकडे इन्क्लूड पाथचा क्रम वेगळा असला, तरी तेच.

बाइंडजेन स्ट्रक्टचा आकार आणि प्रत्येक फील्डची जागा तपासणारा कोड आपोआप तयार करतं, मग हे कसं सुटतं, असं वाटेल. त्या तपासण्या रस्ट आणि क्लँग यांची उत्तरं ताडतात. जीसीसीचं उत्तर त्यांना माहीतच नसतं. चिपवर चालणारा सीचा कोड मात्र जीसीसीने बनवलेला असतो. हे नीट ध्यानात आलं नाही तर सगळ्या तपासण्या हिरव्या बघून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय दोन. पहिला, बिल्ड स्क्रिप्टमध्ये फ्लॅगची एकच यादी करा: डिफाइन, इन्क्लूड पाथ आणि एबीआयचे (आर्ग्युमेंट कसे पाठवायचे, आकार किती हे ठरवणारे) फ्लॅग. त्याच यादीवरून लूप फिरवून सीसी क्रेटलाही द्या आणि बाइंडजेनलाही. दोन ठिकाणी टाइप करणं पूर्ण बंद. दुसरा, सीमध्ये एक छोटी फाइल ठेवा ज्यात महत्त्वाच्या स्ट्रक्टचा 'साइझऑफ' परत करणारी फंक्शन असतील. फर्मवेअर सुरू होताच रस्टने ती बोलवायची आणि आपल्या आकाराशी ताडायची. जुळलं नाही तर तिथेच पॅनिक. खर्च नगण्य आहे आणि हे जीसीसीचं खरं उत्तर आहे.

एनमचंही असंच. आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी मुळातच एनमला मावेल तेवढी कमीत कमी जागा देतो, म्हणजे बहुधा १ बाइट. रस्टची थम्ब-नन टार्गेटही 'रेप्र सी' एनमसाठी हेच धरतात. क्लँग काय धरेल हे मी कधीच नशिबावर सोडत नाही. '-एफशॉर्ट-एनम्स' यादीत स्पष्ट लिहितो, म्हणजे दोन्हीकडे जातो. एनमच्या आकारात फरक असेल तर जीएनयू लिंकर 'व्हेरिएबल-साइझ एनम्स' असा इशारा देतो. रस्ट-एलएलडीकडून त्या इशाऱ्याची वाट बघू नका, रीडएल्फने बघा.

बाइंडिंगमध्ये एखादं फंक्शन दिसतच नाही, ही तक्रारही वारंवार येते. 'एनव्हीआयसी_एनेबलआयआरक्यू' सारखी सीएमएसआयएसमधली (कॉर्टेक्स-एमसाठी आर्मची प्रमाण हेडर) फंक्शन 'स्टॅटिक इनलाइन' आहेत किंवा मॅक्रो आहेत. लायब्ररीत त्यांचं नावच नसतं. 'जीपीआयओए' सारखे पॉइंटर कास्ट असलेले मॅक्रोही बाइंडजेन काढत नाही. त्यांच्यासाठी सीमध्ये साधं आवरण-फंक्शन लिहा. बाइंडजेनमध्ये स्टॅटिक फंक्शनसाठी आवरण आपोआप काढायची सोय आहे, पण चार-पाच फंक्शनसाठी हाताने लिहिलेलं वाचायला सोपं जातं.

लिंकर स्क्रिप्ट हरवते

बिल्ड यशस्वी, पण एल्फ जवळजवळ रिकामा. 'साइझ' कमांडने टेक्स्ट शून्य दाखवला. कॉर्टेक्स-एम-आरटी (रस्टमधलं स्टार्टअपचं क्रेट) वापरत असाल तर '-टीलिंक.एक्स' हा आर्ग्युमेंट लिंकरपर्यंत पोचलेला नाही. लिंकर स्क्रिप्ट (कोड मेमरीत कुठे ठेवायचा ते सांगणारी फाइल) नाही, म्हणून कोणताच कोड 'लागतो' असं लिंकरला वाटलं नाही, आणि त्याने सगळं काढून टाकलं.

हा आर्ग्युमेंट बहुतेक प्रोजेक्टमध्ये '.कार्गो/कॉन्फिग.टोमल' मधल्या 'रस्टफ्लॅग्ज' मध्ये असतो, आणि तो दोन वाटांनी गळतो. पहिली वाट: 'रस्टफ्लॅग्ज' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असला की कार्गो फाइलमधले फ्लॅग अजिबात घेत नाही. दोन्ही एकत्र होत नाहीत, व्हेरिएबल जिंकतो. सीआयमध्ये वॉर्निंगना एरर मानण्यासाठी कोणीतरी तो व्हेरिएबल लावतं आणि लिंकर स्क्रिप्ट गायब होते. दुसरी वाट: कार्गो ही कॉन्फिग फाइल तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून वरच्या दिशेने शोधतो, क्रेट कुठे आहे ते बघत नाही. वर्कस्पेसच्या मुळातून बिल्ड केलं तर आतल्या क्रेटच्या फोल्डरमधली कॉन्फिग वाचलीच जात नाही. यावर पक्का मार्ग म्हणजे हा आर्ग्युमेंट बिल्ड स्क्रिप्टमधून 'कार्गो:रस्टसी-लिंक-आर्ग' ने देणं. तो क्रेटसोबतच राहतो. 'मेमरी.एक्स' (चिपच्या मेमरीचे पत्ते असलेली फाइल) सुद्धा बिल्ड स्क्रिप्टने 'आउट_डीआयआर' मध्ये टाकून तो पाथ 'रस्टसी-लिंक-सर्च' ने द्यावा.

न्यूलिब लिंक करायची असेल तर आणखी एक खाच आहे. रस्ट-एलएलडीला जीसीसीच्या लायब्ररी कुठे असतात ते ठाऊक नाही, आणि '--स्पेक्स=नॅनो.स्पेक्स' हा फ्लॅग फक्त जीसीसीला कळतो. पुन्हा जीसीसीलाच विचारा: '-प्रिंट-फाइल-नेम=लिबसी.ए'. विचारताना '-एमसीपीयू', '-एमथम्ब' आणि फ्लोटचे फ्लॅग सोबत द्यायलाच हवेत. एम४ आणि हार्ड फ्लोटसाठी उत्तरात 'थम्ब/व्ही७ई-एम+एफपी/हार्ड' असं फोल्डर दिसेल. फ्लॅग दिले नाहीत तर सगळ्यात वरच्या फोल्डरमधली लायब्ररी मिळते, आणि तिच्यात थम्ब नव्हे तर आर्म मोडचा कोड असतो. कॉर्टेक्स-एम फक्त थम्ब चालवतो, त्यामुळे लायब्ररीतल्या पहिल्याच फंक्शनला फॉल्ट. उत्तरात पाथ न येता नुसतं 'लिबसी.ए' असं परत आलं तर ती फाइल सापडलेलीच नाही.

'_एसब्रेक', '_राइट', '_एक्झिट' सापडत नाहीत असं म्हटलं तर बहुधा सीच्या कोडमध्ये कुठेतरी 'मॅलॉक' किंवा 'प्रिंटएफ' आहे. रिकामी फंक्शन देऊन गप्प करण्याआधी ते कोण वापरतं आहे हे शोधा. मायक्रोकंट्रोलरवर नकळत आलेला मॅलॉक मला सहन होत नाही.

हॅल सुरू केलं की प्रोग्रॅम अडकतो

'हॅल_इनिट' बोलवलं आणि पुढे काही होत नाही. डीबगर लावला तर प्रोग्रॅम 'डिफॉल्टहँडलर' च्या अनंत लूपमध्ये. इथे बिल्डचे फ्लॅग बरोबर आहेत, नावं चुकली आहेत. सीएमएसआयएसमध्ये टाइमरच्या इंटरप्टचं नाव 'सिसटिक_हँडलर' आहे. कॉर्टेक्स-एम-आरटीच्या व्हेक्टर टेबलला (कोणत्या इंटरप्टला कोणतं फंक्शन, ही यादी) 'सिसटिक' हे नाव हवं असतं. सीचं फंक्शन तयार असूनही टेबलात जात नाही. हॅलने टाइमर चालू केला की इंटरप्ट येतो आणि थेट डिफॉल्टहँडलरमध्ये जातो. रस्टमध्ये 'सिसटिक' एक्सेप्शन लिहून त्यातून 'हॅल_इंकटिक' बोलवा. बाकी इंटरप्टचंही तसंच: सीमध्ये 'यूएसएआरटी१_आयआरक्यूहँडलर', रस्टच्या पीएसी क्रेटमध्ये (चिपच्या रजिस्टरचं क्रेट) नुसतं 'यूएसएआरटी१'.

स्टार्टअप कोणाचं वापरता हेही इथेच ठरवा. एम४ चा एफपीयू रिसेटनंतर बंद असतो. ०एक्सई०००ईडी८८ या पत्त्यावरच्या सीपीएसीआर रजिस्टरमधले २० ते २३ बिट लावल्याशिवाय एफपीयूची कोणतीही सूचना चालवली की फॉल्ट होतो. ईएबीआयएचएफ टार्गेटवर कॉर्टेक्स-एम-आरटी ते स्वतः करतं, सीच्या बाजूला ते 'सिस्टमइनिट' करतं. स्वतःचं स्टार्टअप लिहिलं असेल तर ही जबाबदारी तुमची.

हेडर बदललं, बाइंडिंग जुनीच

बिल्ड स्क्रिप्टमध्ये 'रीरन-इफ' प्रकारची एकही ओळ नसेल तर पॅकेजमधली कोणतीही फाइल बदलली की कार्गो स्क्रिप्ट पुन्हा चालवतो. एक ओळ जरी लिहिली तरी तो फक्त लिहिलेल्याच गोष्टी बघतो. म्हणून 'रॅपर.एच' (बाइंडजेनला दिलेलं मुख्य हेडर) साठी एक ओळ लिहून थांबलात तर त्यातून येणारी कॉन्फिग हेडर बदलली तरी बाइंडिंग जुनी राहू शकते. बाइंडजेनचे कार्गो कॉलबॅक्स लावा, ते आतून वाचलेल्या प्रत्येक हेडरची नोंद करतात. सीच्या फाइलींसाठी मात्र ओळी स्वतः लिहायला लागतात. ज्या व्हेरिएबलवर बिल्ड अवलंबून आहे त्यांच्यासाठी 'रीरन-इफ-एन्व्ह-चेंज्ड'. 'कार्गो क्लीन' केल्यावर समस्या जात असेल तर ती सुटलेली नसते, यातली एखादी ओळ राहिलेली असते.

सोर्स नसलेली लायब्ररी

कधी कंपनी फक्त तयार '.ए' फाइल आणि हेडर देते. रेडिओ स्टॅकच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. तिथे फ्लॅग निवडायचा अधिकार आपल्याकडे नसतो, त्यामुळे क्रम उलटा करायचा. आधी त्या लायब्ररीवर रीडएल्फ चालवायचं, तिचं आर्किटेक्चर, फ्लोटची पद्धत आणि एनमचा आकार लिहून घ्यायचा, आणि त्यावरून रस्टचं टार्गेट आणि बिल्ड स्क्रिप्टमधली यादी ठरवायची. एनमसमोर 'इंट' दिसलं तर यादीत '-एफनो-शॉर्ट-एनम्स' टाका; बाइंडजेन एनमसाठी स्पष्ट आकाराचा पूर्णांक वापरतं, त्यामुळे रस्टची बाजू आपोआप ४ बाइटवर येते. तुमच्या स्वतःच्या सी फाइलीही त्याच फ्लॅगने कंपाइल व्हायला हव्यात, नाहीतर लायब्ररीला बोलवणारं आवरण-फंक्शनच चुकीच्या आकाराचा स्ट्रक्ट देईल.

रीडएल्फची ही तपासणी सीआयमध्ये बिल्डनंतरची पायरी म्हणून टाका: शेवटचा एल्फ आणि प्रत्येक '.ए' फाइल घ्यायची, तीन टॅग काढायचे, रिपॉझिटरीत जतन केलेल्या अपेक्षित किमतींशी ताडायचे, फरक दिसला की बिल्ड फेल. लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि कंपनीने तिचे फ्लॅग न सांगता बदलले, तर ते त्याच दिवशी कळतं.